टोकन आज रात्रीच पाठवा म्हणतायत, पाठवू का?

एका ताईंचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. ताई सातारा जिल्ह्यातल्या, मिस्टरांना नुकतीच हिंजवडीत नोकरी लागलीय आणि ते सध्या पीजीत राहतात. मुलगी पाच वर्षांची, अंगणात वाढलेली, तिला फ्लॅटमध्ये कोंडायचं या विचारानेच ताईंना झोप लागत नाही, म्हणून घर बागेजवळच हवं हा त्यांचा हट्ट. ऑनलाइन एक जाहिरात दिसली, एरंडवण्यात कमला नेहरू पार्कजवळ, टू बीएचके, फर्निचरसकट, भाडं सतरा हजार, ब्रोकरेज नाही. आजूबाजूच्या बाकी जाहिराती तीस-पस्तीस हजारांच्या. मालक म्हणतो मी फौजी आहे, जम्मूला पोस्टिंग आहे, घर बघायला सोसायटीचा गेट पास लागतो, त्याचे अडीच हजार भरा, रिफंडेबल आहेत. ते मिस्टरांनी भरले. आता म्हणतो अजून दोन पार्ट्या मागे लागल्यात, पस्तीस हजार टोकन आज रात्रीत पाठवा म्हणजे चावी वॉचमनकडे ठेवायला सांगतो. पुरावा म्हणून आधार, मिलिटरी कँटीनचं कार्ड आणि गणवेशातला फोटो पाठवलाय. ताई लिहितात, "आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत आहे, माझा सख्खा भाऊ आहे, फौजी माणसावर संशय घ्यायला मन धजत नाही, पण पोटात गोळा येतोय. मिस्टर म्हणतात तू उगाच शंका काढतेस, घर गेलं तर परत असं मिळणार नाही. काय करू?"

ताई, पैसे पाठवू नका. पत्र मिळाल्या मिळाल्या तुम्हाला हेच वेगळं कळवलंय, इथे सविस्तर लिहितेय कारण असं पत्र तुमचं एकटीचं नाही, एप्रिल-मे आला की बदली आणि शाळेच्या गडबडीत असे मेसेज बऱ्याच घरांत येतात.

तुमच्या पोटात गोळा आला तो बरोबर होता. तो माणूस फौजी नाही. आणि तुमच्या भावाच्या वर्दीवर तुमचा विश्वास आहे म्हणून तुम्ही भोळ्या ठरत नाही, अपशिंगे मिलिटरीसारखं फौजींचं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या बाईचा फौजी शब्दावर विश्वास बसणारच, नेमका तोच विश्वास ही माणसं वापरतात आणि म्हणून मला या प्रकाराची जास्त चीड येते. कार्ड आणि फोटो बहुतेक वेळा खऱ्याच कुणाचे तरी असतात, कुठून तरी ढापलेले, कधी आधी फसलेल्या माणसाने स्वतःहून पाठवलेले. उद्या तुमच्या मिस्टरांनी पाठवलेलं आधार कार्डही असंच दुसऱ्या कुणाला "हे बघा माझं आयडी" म्हणून जाऊ शकतं. ते पाठवलं असेल तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर जाऊन आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, लागेल तेव्हा उघडता येतं. आणि भावाला आजच एक फोन करा, एवढंच विचारा की तुमच्यात स्वतःचं घर भाड्याने देताना भाडेकरूकडून गेट पासचे पैसे घ्यायचा किंवा घर न दाखवता टोकन मागायचा नियम आहे का. तो काय उत्तर देईल ते मिस्टरांनाही ऐकू द्या, माझ्या पानभर लिहिण्यापेक्षा त्याच्या दोन वाक्यांचा उपयोग जास्त होईल.

आता मिस्टरांबद्दल. ते हट्टाने "घर जाईल" म्हणतायत त्यामागे घरापेक्षा ते अडीच हजार आहेत असं मला वाटतं. पैसे आपण भरले, आता ही फसवणूक निघाली तर बायकोसमोर आणि सासरवाडीसमोर काय तोंड दाखवायचं, म्हणून माणूस मनाला समजावत राहतो की नाही नाही, खरंच असणार. या लोकांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून पहिली रक्कम छोटी आणि "रिफंडेबल" ठेवतात, एकदा ती गेली की माणूस ती सोडवायला दुसरी पाठवतो, मग मेसेज येतो पेमेंट फेल झालं परत करा, मग रिफंडसाठी अमुक रक्कम भरा म्हणजे सगळे एकदम परत येतील, आणि असं करत करत आकडा लाखावर जातो. त्यामुळे त्यांना "मी सांगत होते ना" असं अजिबात म्हणू नका. दोघं मिळून आज रात्रीच 1930 ला फोन लावा, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाका आणि बँकेलाही कळवा. ट्रान्झॅक्शन नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, जाहिरातीची लिंक, त्या माणसाचा नंबर, सगळं सेव्ह करा, ब्लॉक त्यानंतर. जितक्या लवकर तक्रार जाते तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडकवता यायची शक्यता जास्त. परत मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण अडीच हजारांसाठी कशाला पोलिसांत म्हणून गप्प बसलात तर तेच खातं पुढच्याला लुटायला मोकळं राहतं. आणि तो क्यूआर पाठवून "स्कॅन करा, रिफंड येईल" म्हणाला तर एक ध्यानात ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले.

जाहिरात खरी वाटते ती फोटोंमुळे. फोटो खऱ्या घराचे असतात, कुणाच्या तरी खऱ्या जाहिरातीतून उचललेले. पण शेजारी तीस-पस्तीस हजार चालू असताना एक जण फर्निचरसकट सतरा हजाराला का देईल, हा प्रश्न तुमच्याही मनात आला होता, तुम्ही तो बाजूला सारलात कारण घर फारच हवं होतं. समजू शकते मी.

पण ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं तेव्हा वाटलं की फसवणुकीच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, तीही बोलायला हवी. तुम्ही धरून चाललाय की बाग जवळ म्हणजे लेकीचं खेळणं झालं. तसं होतंच असं नाही. मिस्टरांचं ऑफिस हिंजवडीत, एरंडवण्यातून ऑफिसच्या वेळेत एका बाजूला तासाच्या वर सहज जातो, पावसात विचारू नका. ते घरी येणार साडेआठला, बाग तोवर बंद. म्हणजे रोज न्यायचं तुम्हीच, एकट्यानेच, नवीन शहरात. मग बाग किती मीटरवर आहे यापेक्षा मधे कुठला रस्ता ओलांडावा लागतो, फुटपाथ आहे का, असला तर त्यावर गाड्या लावलेल्या असतात का, हे जास्त महत्त्वाचं होतं. मधे कर्वे रोडसारखा रस्ता असेल तर नकाशावर पाच मिनिटांची बाग आठवड्यातून एकदा जायची होते, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेली चार झोपाळ्यांची साधी बाग रोजची होते.

सगळ्या बागा खेळायच्या असतात असंही नाही. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान ही सुंदर जागा आहे, जपानी पद्धतीची, ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून झालेली, पण ती तिकीट काढून फिरायची बाग आहे, पाहुणे आले की न्यायची. पाच वर्षाच्या पोरीला रोज वाळू आणि घसरगुंडी लागते. त्यातून महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, सकाळी आणि संध्याकाळीच उघड्या, म्हणजे शाळा दुपारची लागली तर सकाळी आवराआवरीत जमणार नाही आणि संध्याकाळी दमलेली असेल, हेही आधी बघा. बिल्डिंगचा बोर्ड किंवा एजंट "समोर गार्डन येणार आहे" म्हणाला तर आज तिथे काय आहे तेवढंच बघा. डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, बागेचं आरक्षण असणं आणि जागेवर बाग असणं यात कितीतरी वर्षं जातात, अकरा महिन्याच्या भाडेकरूला त्या आरक्षणाचा काही उपयोग नाही.

नदीकाठ आणि ओढ्याकाठची हिरवळ फोटोत छान दिसते, तिथे जास्त जपून. 25 जुलै 2024 ला मुठेला पाणी आलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं होतं, लोकांना बोटीने बाहेर काढावं लागलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने अरण्येश्वर, सहकारनगरच्या बाजूला काय केलं ते तिथले लोक अजून सांगतात. अशा भागात घर बघत असाल तर तळमजला, पहिला मजला टाळा आणि "तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं" हे वॉचमनला नाही तर समोरच्या वाणी दुकानदाराला विचारा, त्याला घर भाड्याने द्यायचं नसतं.

मग बघायचं कुठे? मिस्टरांची नोकरी हिंजवडीत राहणार असेल तर मी पहिल्यांदा पिंपरी-चिंचवडकडे बघा म्हणेन. निगडी प्राधिकरण हा 1972 पासूनच्या नवनगर विकास प्राधिकरणाने सेक्टर पाडून आखलेला भाग, आतले रस्ते रुंद आणि झाडं बऱ्यापैकी मोठी, दुर्गाटेकडी आणि भक्ती-शक्ती उद्यान जवळ. पिंपळे गुरवला राजमाता जिजाऊ उद्यान आहे, पोरं त्याला डायनासोर गार्डन म्हणतात, लेक एकदा गेली की रोज चला म्हणेल. पिंपळे सौदागर, वाकड ऑफिसला सोयीचं, सोसायट्यांच्या आतच खेळायची जागा असते आणि तुमच्यासारखीच बाहेरून आलेली तरुण कुटुंबं बरीच. फक्त तिथे पाण्याचं नक्की विचारा, टँकर किती येतात, उन्हाळ्यात पाणी किती वेळ असतं, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का वेगळे मागतात. नोकरी बदलून पुण्यात यायची शक्यता असेल किंवा नातेवाईक तिकडे असतील तर कोथरूडला थोरात उद्यानाच्या आसपास, कर्वेनगरला ताथवडे उद्यानाकडे, मॉडेल कॉलनीत चित्तरंजन वाटिकेजवळ बघता येईल, पण तिथे भाडं जास्त आणि जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नसते कधीकधी. "फॅमिली एरिया" या नावाखाली एजंट कुठलाही भाग खपवतात, त्या शब्दावर जाऊ नका.

माझं म्हणणं असं आहे की एक शनिवार काढा, लेकीला घेऊन पुण्याला या, आणि जो भाग मनात आहे तिथल्या बागेत संध्याकाळी सहापासून बाग बंद होईपर्यंत बसा. बाकी काही करू नका, तिला खेळू द्या. तिच्या वयाची पोरं किती येतात, आज्या येतात का, अंधार पडल्यावर दिवे लागतात की एकच ट्यूब फडफडत असते, वॉचमन शिट्टी मारून बाहेर काढतो तेव्हा बायका एकट्या पोरांना घेऊन बिनधास्त चालत घरी जातात का, हे एका संध्याकाळी कळतं. बाकावरच्या बायकांशी बोला. त्यांना मावशींचा रेट माहीत असतो, कुठल्या शाळेची बस कुठे थांबते ते माहीत असतं, कुठली सोसायटी भाडेकरूंना त्रास देते ते माहीत असतं, आणि त्यांच्या बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पुढच्या महिन्यात रिकामा होतोय हेसुद्धा त्यांनाच आधी कळतं, जाहिरात पडायच्या आधी. पुण्यात चांगली घरं अशीच जातात, गेटवरच्या पाटीने आणि ओळखीने. आणि ताई, हा जो पायी जायचा खटाटोप आहे ना, तोच या फसवणुकीवरचा उपायसुद्धा आहे. सगळा खेळ तुम्ही सातारच्या बाजूला आणि घर पुण्यात यावर चाललाय. मिस्टर तर पुण्यातच आहेत, रविवारी त्या बिल्डिंगच्या गेटवर जाऊन "अमुक नंबरचा फ्लॅट भाड्याने आहे का" एवढं विचारलं असतं तर वॉचमनने तिथेच सांगितलं असतं. खरी सोसायटी घर बघायला आलेल्याकडून पैसे घेत नाही, वहीत नाव आणि मोबाइल लिहून घेते, फार तर मालकाला फोन लावते.

ब्रोकरबद्दलही तुमच्या मनात राग दिसतो. एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज द्यायचं जिवावर येतं हे खरं, पण शहरात ओळख नसेल तर त्या भागात दुकान टाकून बसलेला, दार उघडून पाच घरं दाखवणारा ब्रोकर परवडतो. फक्त पैसे करार झाल्यावर. घर दाखवायचे, रजिस्ट्रेशनचे, मेंबरशिपचे म्हणून आधी मागणाऱ्याला रामराम करा.

आता समजा घर मिळालं, आवडलं, समोर माणूसही आहे. तरी तो मालकच आहे हे तपासायचं, कारण दुसऱ्या प्रकारची फसवणूक प्रत्यक्ष घरात उभं राहून होते, कुणीतरी थोड्या दिवसांसाठी घर घेतो, किंवा चावी मिळवतो, आणि मालक म्हणून चार जणांकडून डिपॉझिट घेऊन गायब होतो. लाइट बिल मागा. महावितरणच्या बिलावर ग्राहक क्रमांक आणि मीटर नंबर असतो. खाली पार्किंगमध्ये मीटरची खोली किंवा बोर्ड असतो, प्रत्येक मीटरवर ऑइलपेंटने किंवा स्टिकरवर फ्लॅट नंबर लिहिलेला असतो, मोबाइलचा टॉर्च मारून बिलावरचा नंबर आणि मीटरवरचा नंबर जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे आणि खरा मालक त्याचं वाईट वाटून घेत नाही. बिलावर बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव असेल तर लगेच चोर समजू नका, पुष्कळ लोक नाव बदलून घेत नाहीत, अशावेळी इंडेक्स टू आणि प्रॉपर्टी टॅक्सची पावती मागा. इंडेक्स टू म्हणजे नोंदणीकृत खरेदीखताचा उतारा, त्यावर घेणारा-देणारा, फ्लॅट नंबर, दस्त क्रमांक असतो, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये तो स्वतःलाही शोधता येतो. मालक परदेशात आणि घर भाऊ किंवा आई-वडील देतायत असं पुण्यात नेहमी असतं, तेव्हा पॉवर ऑफ अटर्नीची, म्हणजे मालकाने दिलेल्या मुखत्यारपत्राची प्रत बघा आणि मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या. भाडं आणि डिपॉझिट मालकाच्याच नावाच्या बँक खात्यात टाका, "माझ्या मेव्हण्याच्या नंबरवर टाका" म्हटलं तर नाही म्हणा.

करार रजिस्टरच करा. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून चालतं असं सांगणारे अजून आहेत, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असावंच लागतं, अकरा महिन्यांचं असलं तरी, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. खर्चाची भीती बाळगू नका. भाडं पंचवीस हजार, डिपॉझिट पंचाहत्तर हजार, मुदत अकरा महिने धरली तर स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्क्याने सातशेच्या आसपास येते, शहरात नोंदणी फी 1,000, वर एजंटचे चार्जेस. हल्ली एजंट घरी येतो, लॅपटॉपला छोटं थंब मशीन लावतो, आधी मालकाचा आधार नंबर टाकून अंगठा घेतो, मग तुमचा, मग दोन साक्षीदारांचा. अंगठा आधारशी जुळला नाही तर पुढे जाताच येत नाही, आणि मालक म्हणवणाऱ्या खोट्या माणसाला नेमकं इथेच टाळाटाळ करावी लागते, आज सर्व्हर डाऊन आहे, पुढच्या आठवड्यात करू, आधी डिपॉझिट देऊन टाका. म्हणून मोठी रक्कम अंगठे झाल्यावर. त्याआधी टोकन द्यायचंच झालं तर घर आतून बघितल्यावर, कागद तपासल्यावर, चार-पाच हजारांच्या वर नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "अमुक फ्लॅटसाठी टोकन मिळालं, करार न झाल्यास परत देईन" असं त्याच्याकडून लिहून घेऊन.

हेवी डिपॉझिट, म्हणजे पाच-सात लाख द्या आणि भाडं नको, हा प्रकार कुणी सुचवला तर तुमच्या परिस्थितीत मी नकोच म्हणेन. साठवलेली सगळी पुंजी एका अनोळखी माणसाच्या हातात जाते आणि तो अडचणीत असल्याशिवाय सहसा असं मागत नाही.

करारात नोटीस पिरियड एक महिना दोन्हीकडून आहे ना, लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, किती महिने, डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, एवढं वाचा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मालकाने भरायचे असतात, ते तुमच्या गळ्यात मारू देऊ नका. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन दिली जाते, त्याची प्रत घेऊन ठेवा. कराराची प्रत शाळेत, गॅसला, बँकेत पत्ता बदलायला लागते, आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांवर, प्रवेशाचा विचार असेल तर नोंदणीकृत करारच चालतो आणि तो अर्ज भरायच्या आधीचा लागतो, म्हणून हे काम शेवटावर ठेवू नका.

जूनपर्यंत मनासारखं घर मिळालंच नाही तर? तर मिस्टर पीजीत आणि तुम्ही दोघी गावी आणखी महिनाभर राहिलात म्हणून लेकीचं फार बिघडत नाही. घाईत घेतलेल्या घरात अकरा महिने काढणं जास्त जड जातं, त्यापेक्षा शाळेत बोलून ठेवा, पंधरा-वीस दिवस उशिरा येऊ म्हणून आधी सांगितलं तर बऱ्याच शाळा समजून घेतात. आज फक्त 1930 ला आणि भावाला फोन करा, आणि शनिवारी निगडीला जायचं की पिंपळे गुरवला ते मिस्टरांना ठरवू द्या, त्यांनाही या शोधात काहीतरी नीट केल्यासारखं वाटू दे. कुठलं घर पक्कं होतंय असं वाटलं तर मालकाचं नाव झाकून इंडेक्स टू आणि कराराचा मसुदा मला पाठवा, सही करायच्या आधी बघून सांगते.